विधानसभेत विधेयक मंजूर झाल्याची बातमी येते, तरी कायदा लगेच लागू का होत नाही?

याचे थोडक्यात उत्तर असे की, विधानसभेची मंजुरी हा वाटेतला एक टप्पा आहे आणि खरी रखडपट्टी, माझ्या मते, बहुधा त्यानंतरच होते. मी महाराष्ट्रापुरते लिहितो.

विधेयकाचा मसुदा संबंधित विभाग विधी व न्याय विभागाच्या साहाय्याने तयार करतो आणि मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर मंत्री ते सभागृहात मांडतात. सभागृहात आधी त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, मग खंडशः (एकेका कलमावर) विचार व दुरुस्त्या, आणि शेवटी ते संमत करण्याचा प्रस्ताव येतो; गोंधळाच्या दिवशी मात्र हे सारे आवाजी मतदानाने काही मिनिटांत उरकते, ही खेदाची गोष्ट आहे. वादग्रस्त विधेयक विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाऊ शकते. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, पण मंजुरीपूर्वीच त्या विधानसभेचा कार्यकाळ संपल्याने डिसेंबरमध्ये नव्या विधानसभेत ते पुन्हा मांडावे लागले. त्यानंतर ते संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले.

विधान परिषदेची मंजुरीही लागते, परंतु परिषद विधेयक कायमचे अडवू शकत नाही. तिने ते फेटाळले किंवा तीन महिने तसेच ठेवले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करते आणि त्यानंतर परिषदेच्या हाती केवळ एक महिना उरतो. धन विधेयकासाठी (कर, सरकारी खर्च अशा आर्थिक बाबींच्या विधेयकासाठी) तर तिला १४ दिवसच मिळतात. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची सोय राज्यात नाही.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद २०० नुसार विधेयक राज्यपालांकडे जाते. ते अनुमती देऊ शकतात, धन विधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. किती दिवसांत निर्णय घ्यावा हे संविधानात लिहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात कालमर्यादा घालून दिली होती. नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने मात्र न्यायालय अशी मर्यादा ठरवू शकत नाही, असे मत दिले. राष्ट्रपतींकडे गेलेल्या विधेयकाचे भवितव्य तर त्याहून अनिश्चित असते. गोवंश हत्याबंदीचे १९९५ चे दुरुस्ती विधेयक राष्ट्रपतींची अनुमती मिळून २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल २० वर्षांनी कायदा झाले. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचवणारे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले होते, पण केंद्राच्या आक्षेपांमुळे त्याचा कायदा झालाच नाही.

अनुमतीनंतर अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो. तरीही ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकापासून’ अशी तरतूद त्यात असल्यास ती अधिसूचना निघेपर्यंत तो अंमलात येत नाही.

क्वचित क्रम उलटाही होतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, वर्षानुवर्षे अडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच महिन्यात अध्यादेशाने (अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात त्या तात्पुरत्या कायद्याने) लागू झाला आणि विधिमंडळाची मंजुरी त्याला डिसेंबरमध्ये मिळाली. तेव्हा एखादा कायदा लागू झाला आहे की नाही हे पाहायचे असेल, तर आपण अधिवेशनाच्या बातमीवर विसंबू नये. राजपत्रातील अधिनियम आणि त्याच्या पहिल्या कलमातील प्रारंभाची तरतूद पाहावी.