लॅपटॉपचा माइक १०० वर ठेवूनही कॉलवर आवाज नीट का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ मध्ये माइक १०० वर आहे, तरी समोरच्याला आवाज लांबून येतो, मध्येच फाटतो आणि पंख्याची घरघर ऐकू जाते. मी ऑनलाइन गाणं शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आधी तो १०० चा आकडा खाली आणा. लेव्हल वाढवली की एकटा तुमचा आवाज वाढत नाही, पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्नही तेवढेच वाढतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे माइक जवळ आणणं. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकमध्ये साधारण ६ डेसिबलने जास्त जातो, पंखा मात्र होता तेवढाच राहतो. लॅपटॉपचा माइक बहुधा कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणजे तोंडापासून हातभर लांब. माइकवाला साधा वायरचा हेडफोनही त्यापेक्षा बरा. फक्त माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, नाहीतर ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो.

आता लेव्हल. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, तिथे इनपुटमध्ये तुमचा माइक उघडा. व्हॉल्यूम ७० च्या आसपास ठेवून साउंड रेकॉर्डरमध्ये कॉलवर बोलता तसंच बोला, एकदा मोठ्याने हसाही. हसताना आवाज चिरकला तर आणखी कमी करा. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल तर आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. तिथे शून्य ही सगळ्यात वरची मर्यादा, तिला टेकलेला आवाज फाटतोच, आणि तो नंतर पूर्वीसारखा होत नाही.

लेव्हल कमी करूनही फाटत असेल तर बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज वरून आणखी वाढवणारी सोय, बघा. साउंडच्या पानावर खाली ‘मोर साउंड सेटिंग्ज’, मग रेकॉर्डिंग, माइकवर डबल क्लिक, लेव्हल्स. तिथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० किंवा ३० वर असेल तर शून्यावर आणा. अगदीच बारीक वाटलं तर १०, त्यापुढे नको.

‘मध्येच’ फाटण्याचं कारण मात्र बरेचदा वेगळं असतं. झूममध्ये ऑडिओ सेटिंग्जमध्ये माइकचा व्हॉल्यूम आपोआप जुळवण्याची टिक असते. तुम्ही गप्प बसलात की ते लेव्हल चढवतं आणि पुढचं पहिलंच वाक्य जोरात आदळतं. कॉल चालू असताना विंडोजचं इनपुटचं पान उघडं ठेवा. पट्टी आपोआप सरकताना दिसली तर ती टिक काढा.

नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट आपोआप कापणारी सोय, सगळ्यात शेवटी, आणि बेताचंच. ते जोरात लावलं की शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. माझ्या क्लासमध्ये तर ते तानपुऱ्यालाच गोंगाट समजून कापून टाकतं, म्हणून मी ते बंदच ठेवते.

हेडसेट (माइकवाला हेडफोन) वापरत असाल तर तो यूएसबीचा आहे, गोल पिनचा की ब्लूटूथ, ते लिहा. यूएसबीच्या माइकला बूस्टची ओळ बहुतेक वेळा नसते, आणि ब्लूटूथवर माइक चालू झाला की बऱ्याच हेडसेटचा आवाज फोनसारखा दबका होतो. तसं असेल तर लेव्हल कितीही हलवली तरी फरक पडणार नाही, वायरचाच घ्या.