पत्तेवाल्यांची श्रेणी उभी करताना

इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं प्रकरण वाचलं. राज्य काल्पनिक आहे, तेव्हा नद्या, सण, राजाची वंशावळ हवी तशी ठेव. पण तुझी पत्तेवाल्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा व्यवसाय-संघ, काही पटली नाही बघ. शपथा आहेत, मशाली आहेत, गुप्त खुणा तर उदंड. पण या मंडळींचं पोट कशावर चालतं, ते कुठेच नाही.

आपल्या माळव्यातच, मंदसौरला, रेशीम विणकरांच्या श्रेणीचा शिलालेख सापडलाय. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, आलेल्या या लोकांनी इ.स. ४३६ मध्ये सूर्यमंदिर बांधलं आणि ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांच्यातले काही धनुर्विद्येकडे वळले, काही ज्योतिषाकडे, काही कथा सांगू लागले. तरी श्रेणीतच राहिले. तुझ्याकडेही असा एखादा पत्त्यांना हात न लावणारा पत्तेवाला येऊ दे. मला तो नायकापेक्षा जास्त आवडेल.

पैशांसाठी कौटिल्य वाच. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, बाहेर खेळला तर १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड. का, तर छुप्या मार्गाने पोट भरणारे कोण ते हेरता यावं! जिंकलेल्या रकमेतले शेकडा ५ द्यूताध्यक्षाचे, म्हणजे जुगारावर नेमलेल्या राजाच्या अधिकाऱ्याचे. शिवाय फाशांचं भाडं वेगळं, जागेचं वेगळं, पाण्याचंसुद्धा वेगळं. हरलेला माणूस घोटभर पाण्याचे पैसे मोजतोय, एवढं लिही. तुझा अड्डा जिवंत होईल. राजाशी श्रेणीचं वाजायचं ते त्या शेकडा पाचावरून वाजू दे. तलवारी नंतर काढ.

आता पत्ते. ते चौकोनी कशाला? आपल्या जुन्या पत्त्यांची, गंजिफाची, पानं गोल असतात. मोगल पद्धतीची गंजिफा ९६ पानांची, दशावतारी १२० पानांची, दर अवताराचा एक रंग. खेळायला तिघे, म्हणजे दशावतारीत एकेकाच्या हातात ४० पानं. हुकूम बोलायची भानगड नाही; कुठली पानं पडून गेली हे ज्याच्या डोक्यात पक्कं, त्याचा डाव. त्यात निम्म्या रंगांत दश्शी एक्क्याला मारते आणि निम्म्यांत एक्का दश्शीला, त्यामुळे नवख्याची भंबेरी ठरलेली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. दशावतारी डाव दिवसा रामाच्या रंगापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. आपल्या सराफ्यात संध्याकाळी सोन्याची दुकानं मिटतात आणि त्याच ओट्यांवर गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया चढतात. त्या मधल्या तासाभरात थोडी कुरबूर होत असेलच की! तुझ्या श्रेणीतही ऐन तिन्हीसांजेला पानं वाटून होऊ देत. आभाळ भरलेलं, सूर्य दिसत नाही. राम की कृष्ण? पंच बसवायला याहून चांगलं निमित्त मला तरी सुचत नाही.

एक राहिलंच, पानं घडवणारा चितारी. सावंतवाडीत कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, रंगवून, वर लाखेचा हात देत. ज्याच्या हातून प्रत्येक पानाची पाठ गेली, तो डोळे मिटूनही पान ओळखेल. मग त्याला श्रेणीत घ्यायचं की दाराबाहेर ठेवायचं? आणि त्याच्या मुलाला डावात बसू द्यायचं का? हे ठरव आणि मगच पुढचं प्रकरण धाड.

तुझी,
आत्या