सात वर्षांच्या मुलाला दोनदा स्ट्रोक आला, डॉक्टर मानेचे एक्स-रे का काढायला सांगतात?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही झटके लहान मेंदूत आले, हृदयाचा इको आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत. मी रेडिओलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट समोर आले की मी आधी मानच बघतो. डॉक्टर योग्य तेच सांगताहेत, टाळू नका.

लहान मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमध्ये होतं. तिथले लिगामेंट (हाडांना एकत्र बांधून ठेवणारे पट्टे) सैल असले, किंवा दुसऱ्या मणक्याचं वरचं टोक सुटं असलं (ऑस ओडोन्टॉइडियम), तर मणके सरकतात आणि धमनीला पुन्हा पुन्हा ताण बसतो. आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते, तिचे तुकडे मेंदूत जाऊन अडकतात. मूळ दोष तसाच राहिला तर झटका परत येऊ शकतो.

सरळ झोपवून काढलेल्या सीटीत हे सुटू शकतं. एका मुलीची अँजिओग्राफी मला अजून डोळ्यांसमोर दिसते: मान सरळ असताना डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून रक्तात सोडलेलं औषध) नीट वर चढत होता, डोकं उजवीकडे वळवलं आणि डाव्या धमनीतला डाय पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी धाग्याएवढा बारीक झाला. म्हणून मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे आणि मानेच्या धमन्यांची अँजिओग्राफी, दोन्हींबद्दल विचारा. वाकवणं डॉक्टरांसमोरच, घरी करून बघू नका.

गुठळीसाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध देतात, मानेला कॉलर लावतात. मणके सरकताहेत हे पक्कं झालं तर ते जोडण्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा लागतं. त्यातली जगभर वापरली जाणारी एक स्क्रूची पद्धत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी विकसित केली, १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नंतर मान कमी वळते, हे खरं. तरी तुमच्या जागी मी असतो तर दोष सापडल्यावर थांबलो नसतो.

निदान होईपर्यंत कोलांटउड्या, शीर्षासन, कुस्ती बंद. न्हाव्याकडे मान मोडून घेणं किंवा मानेचं मालिश तर अजिबात नको. अचानक उलट्या, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर 'पित्त झालं असेल' म्हणून वाट बघू नका, थेट न्यूरोची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि आधीच्या दोन्ही एमआरआयच्या सीडी सोबत न्या.