स्लोव्हाकियाचा एरिक व्ल्चेक चार ऑलिंपिक पदकं जिंकूनही फारसा प्रसिद्ध का नाही?

आहे की प्रसिद्ध, पण चौघांत वाटून! त्याची चारही पदकं के-४ मधली. एका कयाकमध्ये चार जण एकामागे एक बसलेले, प्रत्येकाच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. (बातम्यांत त्याला कनूपटू म्हणतात, कारण खेळाचं नावच कनू स्प्रिंट. पण कनूवाला गुडघा टेकून एका पात्याने वल्हवतो.) टीव्हीवर एका लयीत हलणारे चार जण दिसतात आणि त्यातला व्ल्चेक कुठला हे कळेपर्यंत शर्यत संपलेली असते.

अथेन्सला २००४ मध्ये कांस्य मिळालं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. सोबत मिखाल आणि रिखार्ड हे रिस्डॉर्फर बंधू आणि युराय बाचा. २००८ मध्ये बीजिंगला बाचाच्या जागी युराय तार आला आणि रौप्य मिळालं. लंडनहून मात्र रिकाम्या हाताने परत. रिओत पुन्हा रौप्य, तार सोबत होताच, मिशाक आणि लिंका नवे. मला खरं कौतुक वाटतं ते त्यानंतरचं. के-४ ची ऑलिंपिक शर्यत १००० मीटरवरून ५०० वर आणली गेली, म्हणजे तीन मिनिटांच्या दमाचा खेळ दीड मिनिटाच्याही आत आटोपायला लागला. पस्तिशीतल्या माणसाने अशा वेळी वल्हं खाली ठेवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. हा ३९व्या वर्षी टोकियोत उतरला आणि कांस्य घेऊन आला! त्या नावेतला आदम बोटेक अथेन्सच्या वेळी शाळकरी पोर होता.

तो दिवस ७ ऑगस्ट २०२१. नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं तोच. त्यामुळे आपल्याकडे कयाककडे बघायला कोण रिकामं होतं?

खुद्द स्लोव्हाकियात आइस हॉकीपुढे कुणाचं चालत नाही. २००२ चं विश्वविजेतेपद लोक अजून आठवतात. सायकलिंगमध्ये पेटर सागान, लागोपाठ तीनदा विश्वविजेता. पाण्यातसुद्धा मोठा मान स्लॅलमचा, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून नाव काढायच्या शर्यतीचा. स्वतंत्र स्लोव्हाकियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिखाल मार्टिकानने १९९६ मध्ये त्यातच जिंकलं, तेही एकट्याने. एकट्याचा चेहरा लक्षात राहतो. व्ल्चेक कोमार्नोचा. डॅन्यूब आणि वाह नद्यांच्या संगमावरचं हे गाव, पलीकडच्या काठाला हंगेरी. कयाक तिथल्या पोरांच्या अंगवळणीच पडलेलं असतं.

बाकी नाव तोंडात बसत नसेल तर एक खूण सांगतो: स्लोव्हाक भाषेत 'व्ल्क' म्हणजे लांडगा आणि व्ल्चेक हे आडनाव त्याच्याच लाडक्या रूपातून आलेलं, म्हणजे छोटा लांडगा. भीमाच्या 'वृकोदर' या नावातला 'वृक' त्याच कुळातला.