जाहिराती अडवणे ही चोरी ठरते का?

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यातील कापूस उत्पादक आहे. गाडी भरण्यापूर्वी सकाळी मोबाइलवर एका मोफत संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव पाहतो. भावाचा तक्ता दिसेपर्यंत तीन-चार जाहिराती आड येतात. त्यांतील एकीची फुली तिळाएवढी असल्याने बोट चुकते आणि भलतेच पान उघडते. अलीकडे तर रात्री-बेरात्री ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा सूचनाही येतात. मुलाने जाहिराती अडवणारा ब्राउझर टाकून दिला, तेव्हापासून ते संकेतस्थळ ‘आमचा खर्च जाहिरातींवर भागतो, कृपया अडसर काढा’ अशी विनंती करते. ज्याचे फुकट वाचतो, त्याचेच आपण बुडवतो आहोत का?

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळे उपद्रव एकत्र आले आहेत. व्हायरसच्या सूचना बहुधा त्या संकेतस्थळाच्या नव्हेत. चुकून उघडलेल्या एखाद्या पानाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली असेल आणि घाईत आपले बोट ‘अलाऊ’वर पडले असेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि तेथे ‘नोटिफिकेशन्स’ उघडल्यास परवानगी दिलेल्या स्थळांची यादी दिसते. त्यातील अनोळखी नावे काढून टाकावीत. त्या सूचनेवरून कोणतेही ‘क्लीनर’ ॲप मात्र उतरवू नये, आणि पैसे गेलेच असतील तर विनाविलंब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता मूळ प्रश्न. पान उघडताना जाहिरातीची जी चौकट रिकामी दिसते, तिची बहुतेक वेळा त्याच क्षणी हर्रास होत असते. बाजार समितीत व्यापारी गाडीतला कापूस मुठीत घेतो, धागा ओढून पाहतो आणि मग बोली लावतो. इथे बोली लावणाऱ्यापुढे आपला मोबाइल कोणता, आपण कोणत्या भागात आहोत, अलीकडे काय शोधले, अशी माहिती ठेवली जाते आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी सौदा होऊन जातो. फरक इतकाच, की कापूस आपण स्वतः विकायला नेलेला असतो. गुलाबी बोंडअळीवर उपाय शोधला की पुढचे आठ दिवस फवारणी पंप पाठ सोडत नाहीत, ते यामुळेच. मिळालेल्या रकमेतून मधले दलाल आपला वाटा कापून घेतात आणि उरलेले संकेतस्थळाकडे जाते. दर बहुधा हजार वेळा दिसण्यामागे ठरत असल्याने आपण एकट्याने बुडवलेली रक्कम नगण्यच. पण हजारोंनी अडवले, तर भाव गोळा करून भरणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही, हेही खरे आहे.

कायद्याच्या दृष्टीने ही चोरी नाही. जर्मनीत एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने ‘ॲडब्लॉक प्लस’ या जाहिराती अडवणाऱ्या साधनाविरुद्ध केलेला दावा तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला नाही. आपल्याकडे तर केंद्राने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरील मांडणीविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत फुली दाबल्यावर जाहिरात बंद न होता दुसरीच उघडणे हे फसवणुकीचे उदाहरण म्हणून दिले आहे. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, करता येते.

अडवणारी साधनेही सगळी निःस्वार्थ नसतात. ‘ॲडब्लॉक प्लस’ २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ ठरवलेल्या जाहिरातींना वाट देते आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेते. राखणीला बसवलेल्याने स्वतःच कुंपणात फट ठेवावी, तसे हे आहे. मोबाइलवरील क्रोममध्ये अशी साधने जोडता येत नाहीत. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडता येते, ते मोफत आहे आणि पैसे घेऊन कोणाला वाट देत नाही.

माझे मत विचाराल, तर अडसर सर्वत्र चालू ठेवावा आणि केवळ आपल्या रोजच्या भावाच्या संकेतस्थळापुरता काढावा. बहुतेक साधनांत अशी एका स्थळापुरती सूट देता येते. त्यानंतरही फुलीवर बोट ठेवताच भलते पान उघडले, तर सूट काढून घ्यावी आणि त्यांना तसे दोन ओळींत कळवावे. तोवर भावासाठी राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ आहेच.