गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जाम झालाय, फिरतच नाही. टाकी रिकामी कशी करू?

व्हॉल्व्हच्या खटक्यावर जोर काढू नका, तो हातात येतो. आमचा आला होता. बोअरच्या पाण्याचा क्षार आत चुन्यासारखा घट्ट बसतो.

आधी एमसीबी (विजेच्या बोर्डातला गिझरचा मेन खटका) पाडा, नुसतं बटण नको. मग गरम नळ सोडून पाणी गार होईपर्यंत वाहू द्या. त्यानंतरच गिझरकडे येणारा कॉक बंद करा.

आता गरम बाजूचा कनेक्शन पाईप काढा. हे विसरू नका. तो पाईप टाकीच्या आत वरपर्यंत गेलेला असतो, तिथूनच हवा शिरते. हवा नाही तर पाणी उतरत नाही.

थंड बाजूचा नुसता पाईप काढून उपयोग नाही, कारण व्हॉल्व्ह पाणी मागे येऊ देत नाही. अख्खा व्हॉल्व्हच टाकीपासून सोडवायचा. एका पान्याने टाकीचा निपल (टाकीतून बाहेर आलेला आट्यांचा तुकडा) धरा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवा. निपल पिळला गेला तर टाकीच गळायला लागेल. हलत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा.

पंधरा लिटरच्या गिझरला एक बादली पुरते, पण दुसरी जवळ असू द्या. शेवटी गढूळ पाणी येतं. व्हॉल्व्ह नवीनच बसवा. पाणी पूर्ण भरेपर्यंत गिझर चालू करू नका, कॉइल जळेल.