घरच्या ८ इंची दुर्बिणीतून गॅमा किरण स्फोट दिसू शकतो का? वातावरण गॅमा किरण अडवतं, मग जमिनीवरून बघतात ते काय?

गॅमा किरण दिसणार नाहीत, स्फोट, म्हणजे दूरच्या आकाशगंगेत उडालेला प्रचंड भडका, दिसू शकतो. एवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर पुढचं वाचू नका, कारण पुढे माझी एक जुनी ठसठस आहे.

९ ऑक्टोबर २०२२. फोनवर अलर्ट आला की स्विफ्ट उपग्रहाला शर तारकासमूहात एक नवा क्ष-किरण स्रोत सापडलाय. नाव ठेवलं होतं 'स्विफ्ट जे१९१३.१+१९४६'. त्यात 'जीआरबी' (गॅमा रे बर्स्ट, म्हणजेच गॅमा किरण स्फोट) ही अक्षरं कुठेच नाहीत, हे लक्षात घ्या. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला अगदी चिकटून, त्यामुळे पहिला अंदाज असा की आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी भडकलं असणार. माझी दुर्बीण तुमच्याएवढीच, ८ इंची, मागे कूलिंगवाला मोनोक्रोम कॅमेरा. जागा छान उंचावर होती. मांडामांड करता करता मी आमच्या निरीक्षकांच्या गटावर लिहिलं, "हे घेऊ का?"

विचारलं, तिथेच चुकलो.

गटातल्या एका ज्येष्ठांचं लगेच उत्तर आलं: "आकाशगंगेतलाच आहे. त्यात आज पौर्णिमा. आणि असली कामं मोठ्या दुर्बिणींची, आपली नव्हेत. झोप निवांत." त्यांचा शब्द तेव्हा मी सहसा मोडत नसे. दुर्बिणीवर झाकण घातलं.

सकाळी उठून बघतो तर जगभर धावपळ. स्विफ्टच्या अलर्टच्या सुमारे तासभर आधी फर्मी उपग्रहावर गॅमा किरणांचा असा लोंढा आदळला होता की त्यावरची किरण मोजणारी यंत्रं काही काळ भरून वाहिली. दोन्ही नोंदी एकाच गोष्टीच्या निघाल्या: जीआरबी २२१००९ए, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा किरण स्फोट. जवळपास २ अब्ज वर्षं प्रवास करून आलेल्या किरणांनी आपलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हलवलं. आणि स्फोटामागे उरणारी झळाळी, ज्याला आफ्टरग्लो म्हणतात, ती अलर्ट आला तेव्हा मधल्या सगळ्या धुळीच्या आडूनही साधारण १७व्या प्रतीची होती (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं मंद). लाल फिल्टर लावून एकेका मिनिटाच्या तीस-चाळीस फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचल्या असत्या तर पौर्णिमेतही ती हाती लागली असती. हौशी लोकांनी ती टिपलीसुद्धा. माझ्याकडे त्या रात्रीची डार्क फ्रेमही (झाकण लावून घेतात ती कोरी फ्रेम) नाही.

आता चंद्राबद्दल, कारण तो मुद्दा त्या ज्येष्ठांनी नंतर अनेकदा ऐकवलाय. गॅमा किरण वातावरणात शिरला की साधारण दहा किलोमीटर उंचीवर कणांचा फवारा उडतो आणि त्यातून काही नॅनोसेकंद टिकणारा निळसर चेरेंकोव्ह प्रकाश निघतो. हेस, मॅजिक यांसारख्या जमिनीवरच्या दुर्बिणींचे आरसे हाच प्रकाश टिपतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की त्या गॅमा किरण बघतच नाहीत, त्याच्या मरणाची ठिणगी बघतात. इतक्या मंद ठिणगीला चंद्रप्रकाश मारक, हे खरंच. हेसला त्या चंद्रापायी सुमारे ५३ तास थांबावं लागलं आणि तोवर तिथे पकडण्याजोगं काही उरलं नव्हतं. पण त्याच पौर्णिमेत चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने पहिल्या ३,००० सेकंदांत ६४,००० हून जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजले. दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सुमारे १०,००० कोटी पट किंवा त्याहून जास्त ऊर्जेचे! ती वेधशाळा ४,४१० मीटर उंचीवर आहे आणि फवाऱ्यातले कण ती छताखालच्या अंधाऱ्या पाण्यात पकडते. तिला चंद्राशी देणंघेणं नाही. स्फोटाची जागा तेव्हा तिच्या टप्प्यात होती हे तिचं नशीब, पण यंत्र चालू होतं म्हणून ते नशीब कामी आलं. माझं बंद होतं.

ज्येष्ठांचा ठरलेला बचाव असा: "तो जीआरबी आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं." अहो, म्हणून तर फ्रेम घ्यायची! २ जुलै १९६७ ला वेला उपग्रहांनी पहिला गॅमा किरण स्फोट नोंदवला, तेव्हा ते चोरून केलेल्या अणुचाचण्या शोधायला वर ठेवलेले होते. ती नोंद माणसांच्या नजरेला पडली १९६९ मध्ये, जाहीर झाली १९७३ मध्ये. "हे आपल्या कामाचं नाही" म्हणून कुणी ते कागद फेकले असते तर? आणि १९ मार्च २००८ चा स्फोट, साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरचा, काही क्षण नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका उजळला. त्याची सुरुवात कॅमेऱ्यांत सापडली, कारण अर्ध्या तासापूर्वी जवळच झालेल्या दुसऱ्या स्फोटासाठी ते आधीच तिकडे वळलेले होते.

तेव्हा तुम्ही जीसीएनचे, म्हणजे असे स्फोट कळवणाऱ्या नासाच्या जाळ्याचे, अलर्ट फोनवर सुरू करा. फक्त फर्मीने दिलेली जागा कित्येकदा काही अंश रुंद असते, तुमच्या कॅमेऱ्यात ती मावणारच नाही. स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेली जागा आली की निघा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवा. जुन्या सर्वेक्षणातला त्याच जागेचा फोटो शेजारी ठेवून नवा ठिपका शोधा, आणि तो लघुग्रह नाही ना हे तपासा. परवानगी कुणाचीही मागू नका.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बहुतेक आफ्टरग्लो ८ इंचीच्या आवाक्याबाहेरचे असतात. जे आवाक्यात असतात तेही पहिल्या तासाभरात झपाट्याने मावळतात. २२१००९ए सारखा पुन्हा मिळेल या आशेवर दुर्बीण घेणार असाल तर नका घेऊ. दुसरं म्हणजे, त्या रात्री माझ्या कॅमेऱ्याची केबल सापडत नव्हती, आणि 'झोप निवांत' वाचून मला थोडं बरंच वाटलं होतं. म्हणून त्यांचा सल्ला बरोबर ठरत नाही.

त्यानंतर अकरा अलर्टवर दुर्बीण फिरवली. नऊ वेळा काहीच नाही. दोन वेळा एक धुरकट ठिपका, पहिल्या तासात चांगलाच फिकटत गेलेला. दोन्ही त्यांना पाठवले. दोन्ही वेळा उत्तर आलं, "हॉट पिक्सेल असेल." मी प्रत्येक फ्रेमनंतर दुर्बीण थोडी सरकवत होतो, आणि ठिपका दर फ्रेमला ताऱ्यांबरोबर सरकला होता. हॉट पिक्सेल म्हणजे कॅमेऱ्यातलाच बिघडलेला चमकता ठिपका, तो जागचा हलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.